कोबरव्होलचा रडणारा चषक

१

पेटीला कुलूप होतं. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. आतली निळी मखमल नीट पसरलेली होती. चषक तेवढा नव्हता.

पंचांच्या लाकडी मनोऱ्यात रॅग्ना टुफ्टे त्या रिकाम्या पेटीसमोर उभी होती. बाहेर पारा उणे चौतीसवर होता आणि मनोऱ्यात शेगडी नव्हती, त्यामुळे आतही फारसा फरक नव्हता. नॉर्वेतल्या या कोबरव्होल गावच्या पोलीस ठाण्याची ती प्रमुख. ठाण्यात दुसरं कुणी नसल्यामुळे शिपाईही तीच.

"रविवारी स्पर्धा आहे, रॅग्ना," आयलिफ हाउगोम म्हणाला. तो स्पर्धा समितीचा अध्यक्ष, आणि शाळेत तिच्याच बाकावर बसलेला. "शंभरावं वर्ष! जपानपासून पोलंडपर्यंतचे खेळाडू येतायत, टीव्हीवाले येतायत. जिंकणाऱ्याच्या हातात मी काय देऊ? माझं डोकं?"

"ते उचलून दाखवायला कुणी तयार होणार नाही. शेवटचा कधी पाहिलास?"

"काल दुपारी. आज जेवणाच्या सुटीत आलो तर हे असं."

"किल्ल्या?"

"दोनच. एक माझ्याकडे, एक गुडनी ब्रेक्केनकडे. चषक पुसायचं काम तिचंच, माझ्या जन्माआधीपासून. मनोऱ्याचं दार मात्र दिवसा उघडंच असतं."

रॅग्नाने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर ओर्नेबाकेनचा, स्कीवरून उड्या मारायचा उतार आभाळातून ओतल्यासारखा खाली आला होता. हा उतार पाहून पाहून नजर मेली असेल असं तिला दरवर्षी वाटायचं, आणि दरवर्षी छातीत काहीतरी हलायचंच. तांब्याच्या खाणीतल्या मजुरांनी रविवारच्या सुट्ट्या घालवून तो खोदला होता. पहिल्या वर्षी स्वीडिश आणि फिनिश लोक स्कीवरून डोंगर ओलांडून आले. मग स्विस आले, पोलिश आले, जपानी आले. तांब्याबरोबर निघालेल्या चांदीचा खाणीने चषक करून दिला. त्यावर हात पसरून हवेत झेपावलेला एक माणूस कोरला. जिंकणाऱ्याने तो उचलायचा, ओठांना लावायचा आणि गावाला परत द्यायचा, ही रीत. जगातले मोठमोठे उडी मारणारे त्या एका चुंबनासाठी या गोठलेल्या दरीत येत राहिले. मधली दुसऱ्या महायुद्धाची वर्षं सोडली तर खंड पडला नव्हता.

रॅग्नाने स्वतः तो कधी उचलला नव्हता. तिच्या उमेदीच्या काळात मुलींना स्पर्धेत घेत नसत. स्पर्धेआधी उतार तपासण्यासाठी जे उड्या मारतात, त्यांच्यात तिला घ्यायचे. चषकाचा सल मनात राहिला, पण उडी तरी मिळायची. धावेच्या टोकावरून पाय सुटले की गाव, शाळा, आई, सगळं नाहीसं व्हायचं आणि छातीखाली हवेचा एक घट्ट तळहात लागायचा.

ती पेटीवर वाकली. मखमलीची लव एकाच बाजूला झुकली होती. कुणीतरी बारीक ब्रश फिरवला होता.

"आयलिफ, चोर जाताना झाडलोट करून जातो का रे?"

मखमलीच्या शिवणीत ब्रश पोचला नव्हता. तिथे राखाडी भुकटी अडकली होती. तिने ती कागदाच्या घडीत घेतली.

"राख असेल," आयलिफ म्हणाला. "सिगरेट ओढली असेल कुणी."

ठाण्यात परत आल्यावर रॅग्नाने ती चिमूट पाण्याच्या ग्लासात सोडली. राख असती तर वर तरंगली असती. ही भुकटी वाळूसारखी सरळ तळाशी गेली.

२

"त्या केत्तुलाला विचार," आयलिफने निघताना कानात सांगितलं होतं. "अख्ख्या गावासमोर ओरडला होता तो, की एक दिवस चषक घेऊन जाईन म्हणून."

ताउनो केत्तुला. सन त्रेसष्टचा विजेता, फिनलंडचा. चार वर्षांनी तो परत आला तेव्हा सगळ्यात लांब उडी त्याचीच होती, पण पंचांनी उतरण्याच्या ढबीचे गुण कापले आणि चषक दुसऱ्याला गेला. तेव्हाचं ते ओरडणं. आता ऐंशी उलटलेला हा माणूस शंभराव्या वर्षाचा पाहुणा म्हणून अतिथिगृहात उतरला होता. रॅग्ना गेली तेव्हा तो माशाच्या रश्श्यात राय धान्याची भाकरी बुडवत होता.

"या, साहेब. बेड्या आणल्यात? माझी मनगटं आता बारीक झालीत, निसटतील."

"काल संध्याकाळी तुम्ही मनोऱ्यात गेला होतात."

"गेलो होतो. जुनी मैत्रीण गावात असली तर माणूस भेटायला जातोच की." त्याने चमचा खाली ठेवला. "पण तिचं बरं दिसत नव्हतं. काठावर राखाडी फोड आले होते, मोहरीएवढे. म्हटलं, तूही माझ्यासारखीच म्हातारी झालीस गं."

"फोड? चांदीवर?"

"मी काय सोनार आहे? दिसलं ते सांगतो."

"तुम्ही चषक घेऊन जाणार होतात ना?"

केत्तुला मनापासून हसला. "रागावलेलं पोर होतो मी. घेऊन जायचाच असता तर त्रेसष्टलाच नेला असता. त्या दिवशी रात्रभर माझ्याच मांडीवर होता. तुम्हाला ठाऊक आहे का, तो चषक रडतो?"

"काय करतो?"

"रडतो. थट्टा नाही. त्या दिवशी नाचताना माझ्या हातून पडला, एक कान वाकला. मी घाबरून दोन्ही अंगठ्यांनी तो सरळ करायला गेलो, तर आतून आवाज आला. कर्रर्र... ताज्या बर्फावर बूट दाबावा तसा, पण बारीक, जीव असल्यासारखा. शेजारचे गप्प झाले. पुढे सगळे म्हणायला लागले, ओर्नेबाकेनचा चषक विजेत्यासाठी रडतो. मला ते आवडलं. कुणाला नाही आवडणार?"

"मग?"

"मग ती गुडनी धावत आली. तेव्हा तरुण होती, देखणी होती. माझ्या हातातून तिने तो हिसकावला आणि तडक घरी घेऊन गेली. सकाळी कान सरळ." केत्तुलाने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मी तिची माफी मागायला गेलो होतो. म्हटलं, चिडली असेल. ती चिडली नव्हती, साहेब. ती भ्यायली होती. वाकलेल्या कानाला कोण एवढं भितं?"

३

स्पर्धा समितीच्या कचेरीत आयलिफ नव्हता. रॅग्ना वाट पाहत बसली, आणि टेबलाखाली ढकललेलं एक खोकं तिला दिसलं. झाकण नुसतंच टेकवलेलं. आत पेंढ्यात एक कोरा करकरीत चषक: काच आणि पोलाद, पायावर एका बँकेचं नाव.

"हे काय आहे?" आयलिफ आत येताच तिने विचारलं.

त्याने घाईने खोक्याचं झाकण बसवलं. "अगं, ते... बँकेने पुढच्या वर्षापासूनचा खर्च उचललाय. त्यांचं म्हणणं, चषक नवा हवा."

"आणि जुना आपोआप गायब झाला."

"रॅग्ना! माझ्या आजोबांच्या हातचं फावडं लागलंय त्या उताराला. मी चषक चोरीन? जुना कायम दिमाखात राहावा म्हणून तर मी त्याला शाळेच्या सभागृहातून काढून मनोऱ्यात नेला, नोव्हेंबरमध्ये. दिवे लावले, काचेची पेटी केली. केवढा विरोध झाला त्यालाही."

"कुणाचा?"

"आणखी कुणाचा? गुडनीचा. सभेत उठून म्हणाली, तिथे नेऊ नका, त्याला थंडी बाधेल." तो ओशाळून हसला. "आम्ही सगळे हसलो गं. नाताळानंतर परत आली. म्हणाली, निदान स्पर्धेपर्यंत तरी शेगडीजवळ आणा. मी म्हटलं, मावशी, त्याला स्वेटर विणून द्या."

रॅग्ना हसली नाही. तिची नजर भिंतीवर गेली होती. तिथे विजेत्यांचे फोटो ओळीने टांगले होते. युद्धाआधीचा शेवटचा विजेता, खाणीतला धिप्पाड गडी: चषक दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. युद्धानंतरची पहिली स्पर्धा: एक सडपातळ स्विस पोरगा, चषक डोक्यावर. त्रेसष्टचा केत्तुला: एका हातात चषक, दुसऱ्यात बिअरचा पेला, आणि चषकाचा हातच अधिक उंच.

इतकी वर्षं हे फोटो इथेच होते. गावातलं प्रत्येक मूल ते पाहत मोठं झालं होतं. आणि युद्धानंतरचा चषक आधीच्यापेक्षा हलका आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आयलिफ," ती हळू आवाजात म्हणाली, "चषक काल चोरीला गेलेला नाही."

"मग कधी?"

पण तोवर ती कोट चढवून बाहेर पडली होती.

४

गुडनी ब्रेक्केनचं घर खाणीच्या जुन्या रस्त्याच्या टोकाला होतं. तिचे वडील हाल्व्हर गावचे तांबट. तांब्याच्या किटल्या आणि पातेली घडवायचे, त्यांना कल्हई करायचे. सत्त्याऐंशीची गुडनी अजून ताठ चालायची. तिने काही न विचारता वाफल भाजले, त्यावर तपकिरी चीजचे पातळ काप ठेवले आणि कॉफी ओतली.

"खा आधी. बोटं निळी पडलीत तुझी."

रॅग्नाने मुकाट्याने खाल्लं. या बाईला चोर म्हणायचं तिच्या जिभेवर येत नव्हतं. हिनेच तिला तिच्या पहिल्या उडीनंतर शाल पांघरली होती आणि म्हटलं होतं, "मुलगी असलीस तर काय झालं, हवा विचारते का?"

शेगडीशेजारच्या फळीवर चकचकीत ताटल्या मांडल्या होत्या. चांदीच्या वाटाव्यात अशा.

"सुंदर आहेत, मावशी. चांदीच्या?"

"कुठली चांदी! कथलाच्या. बाबांनी ओतलेल्या."

"मग शेगडीपाशी का? काळ्या पडतील. मागच्या कोठीत एवढी जागा आहे."

"कोठीत? छे गं! कथलाला थंडी सोसत नाही. बाबा तर..."

गुडनी थांबली. कॉफीची किटली तिच्या हातात तशीच राहिली.

रॅग्नाला लहानपणची एक गोष्ट आठवली, आजीने सांगितलेली. शेजारच्या दरीतल्या चर्चमध्ये एका कडाक्याच्या हिवाळ्यात ऑर्गनच्या नळ्यांना राखाडी फोड आले होते, आणि वसंत येईपर्यंत त्यातल्या काहींची भुकटी झाली होती. नळ्या कथलाच्या होत्या. लोक म्हणाले, सैतानाने फुंकर घातली. म्हातारे लोहार म्हणाले, सैतान नाही, रोग. चोख कथील फार गारठलं की त्याला लागतो, एका ठिपक्यापासून पसरतो आणि धातूचं पीठ करतो.

"मावशी," ती म्हणाली, "काठावर आधी फोड आले. मग तुम्ही आयलिफच्या पाया पडलात, चषक उबेत आणा म्हणून. तो हसला. वरून फोडच दिसत होते, पण आतून तो पोखरत गेला होता. आज सकाळी तुम्ही पुसायला गेलात तेव्हा पेटीत चषक नव्हताच. भुकटीचा ढीग होता. तुम्ही तो ब्रशने गोळा केलात आणि कुलूप लावलंत. चोरीला काहीच गेलेलं नाही. तो मोडून पडला."

गुडनीने किटली खाली ठेवली.

"वाकवलं की कथील करकरतं. चांदी नाही करकरत. केत्तुलाच्या हातात तो रडला तेव्हा तुम्हाला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. आणि युद्धाआधी जो दोन हातांनी पेलवत नव्हता, तो नंतर एका हाताने वर जायला लागला. मला एवढं समजलं. पुढचं नाही समजलं. चांदीचा चषक कुठे आहे?"

गुडनी उठली. शेगडीच्या मागे हात घालून तिने कॉफीचा एक जुना डबा काढला आणि दोघींच्या मध्ये ठेवला. लहानसा डबा, पण टेबलावर टेकताना धप्प वाजला.

"उबेत ठेवलाय," ती म्हणाली. "आता काय उपयोग, तरी ठेवलाय."

५

"मी सहा वर्षांची होते," गुडनी सांगू लागली. "जर्मन गावात होते. त्यांना ओर्नेबाकेनची स्पर्धा भरवायची होती, त्यांच्या झेंड्याखाली. आपल्या एकाही पोराने स्की बांधल्या नाहीत. कुणी म्हणे पाय मुरगळला, कुणी म्हणे खोकला झालाय. अख्ख्या देशातच खेळणाऱ्यांनी असं केलं होतं. मग त्यांनी सांगितलं, स्पर्धा आम्ही सैनिकांची घेऊ, चषक तेवढा आणून द्या."

"आणि तुमच्या बाबांनी कथलाचा दिला."

"नुसतं तेवढं असतं तर चांदीचा जमिनीत पुरून ठेवता आला असता." तिने डब्यावर हात ठेवला. "त्याच हिवाळ्यात ओस्लोहून माणसं यायला लागली. ज्यू माणसं. त्यांना घराघरांतून उचलत होते. आमची पोरं त्यांना डोंगरावरून स्वीडनला पोचवत होती. जी उड्या मारायच्या नाहीत म्हणून घरी बसली होती ना, तीच पोरं. पण ती माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली. पलीकडे जाऊन खाणार काय? बाबांनी आधी साचा घेतला, कल्हईसाठी जपून ठेवलेलं कथील त्यात ओतलं. भाता मी मारत होते. मग त्यांनी चांदीचा चषक ऐरणीवर ठेवला आणि कातरीने कापला."

गुडनीने दोन बोटांची कातर करून दाखवली.

"त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो चषक त्यांच्या गुरूने घडवलेला, त्यांनी स्वतः घासूनपुसून चमकवलेला. जो जो जायचा त्याच्या मुठीत ते एक तुकडा द्यायचे. कोटाच्या अस्तरात शिवायला सांगायचे."

"आणि सैनिकांची स्पर्धा?"

"झाली ना. बँड वाजला, झेंडे लागले. उतारावर सैनिक उडत होते आणि खाली बघायला गावातला एक माणूस नव्हता. सगळे घरात, पडदे ओढून. त्या रिकाम्या बर्फात कुणीतरी अधिकारी बाबांच्या कथलाला मुका देत होता." तिच्या ओठांवर हसू येऊन गेलं. "युद्धानंतर तोच चषक जर्मनांच्या कचेरीत सापडला. गावाने वाजतगाजत परत आणला."

"तेव्हा का नाही सांगितलंत? गावाने डोक्यावर घेतलं असतं."

"मी हेच विचारायची. बाबा म्हणायचे, त्यातले कोण पोचले, ते मला माहीत नाही. एकाचंही नाही. बर्फाची वादळं होती, पहारे होते. काहींना वाटेत पकडल्याचं कानावर आलं होतं. म्हणायचे, मेलेल्यांच्या जिवावर मी मिरवू कसा? वाट बघत राहिले. कुणी आलं नाही. मग ते गेले, आणि वाट बघायचं काम माझ्याकडे आलं."

ज्या चषकासाठी रॅग्ना मुलगी असल्याबद्दल देवावर रुसली होती, तो मूठभर भुकटी होऊन समोर पडला होता. आणि आज पहिल्यांदा तिला त्याच्यासमोर मान वर करायचं धाडस होत नव्हतं.

"मला पकडणार आहेस?" गुडनीने विचारलं.

"कशाबद्दल? झाडलोट केल्याबद्दल?"

६

गुडनीच्या टेबलाशी आयलिफने सगळं ऐकलं आणि तो डोकं धरून बसला. "चोरीला गेला असंच सांगू या. जग हसेल आपल्याला. इतके विजेते, सगळे कथलावर!"

"चोर कोण म्हणून सांगू?" रॅग्ना म्हणाली. "थंडी? का तू? तूच नेलास ना त्याला मनोऱ्यात?"

आयलिफ उठला आणि गुडनीसमोर जाऊन उभा राहिला. त्याला स्वेटरची थट्टा आठवली. "मावशी, मी..."

"राहू दे," ती म्हणाली. "रविवारी मला ध्वनिक्षेपक देशील?"

रविवारी उताराच्या पायथ्याशी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या देशांचे खेळाडू स्की खांद्यावर घेऊन रांगेत उभे होते. कॉफीचा डबा हातात धरून गुडनी बोलली. शब्द मोजकेच होते. दुभाषे मागोमाग हलक्या आवाजात सांगत होते. बोलून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. वरच्या झेंड्यांची फडफड खालपर्यंत ऐकू येत होती.

केत्तुला काठी टेकत पुढे आला.

"म्हणजे साठ वर्षं मी कथलाचा मुका घेतला म्हणून मिरवतोय?"

"हो," गुडनी म्हणाली.

"आणि तुझ्या बापाने त्या जर्मनांनाही हाच टेकवला?"

"हाच."

म्हातारा खदाखदा हसला. हसता हसता त्याचा आवाज फुटला, आणि त्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढून छातीशी धरली. मागे एका पोलिश मुलीने काढली. मग जपान्यांनी, मग स्विसांनी. बघता बघता तो अख्खा पायथा उणे वीसच्या थंडीत उघड्या डोक्याने उभा राहिला. त्यानंतर पहिली उडी झाली. मुलगी होती, नॉर्वेचीच. धाव सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत रॅग्नाने श्वास घेतला नाही.

बातमी सगळीकडे छापून आली. हसलं कुणीच नाही.

एप्रिलमध्ये, उतारावरचा बर्फ खरबरीत झाला असताना, दुपारच्या गाडीने एक म्हातारा स्टेशनवर उतरला आणि विचारत विचारत पोलीस ठाण्यात आला. यूलियस ग्रुस्मान, गोथेनबर्गचा. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढून उलगडला. आत चांदीचा काळपट तुकडा होता, कडा कातरीने कापलेल्या. त्यावर एक पसरलेला हात कोरला होता. माणसाचा बाकीचा भाग नव्हता.

"आईने हा विकला नाही," तो म्हणाला. "पहिल्या हिवाळ्यात उपाशी राहिली, पण विकला नाही. कुणी दिला तेही तिला माहीत नव्हतं. अंधारात एक हात पुढे आला, एवढंच सांगायची. मी तेव्हा तिच्या पाठीवर होतो, त्या रात्री निघालेल्या सातजणांत सगळ्यात लहान, काही महिन्यांचा. हा परत द्यायला आलो नाहीये हं. फक्त भेटायला आलोय."

रॅग्नाने त्याला खाणीच्या रस्त्याने नेलं. गुडनी अंगणात चादरी वाळत घालत होती. रॅग्ना काही सांगणार, तेवढ्यात त्याने रुमाल पुढे केला. गुडनीने तुकडा पाहिला, मग त्याचा चेहरा पाहिला, मग परत तुकडा. ओली चादर तिच्या हातातून चिखलात पडली.

"पोचलात?" तिने विचारलं.

"पोचलो," तो म्हणाला. "आम्ही सगळे पोचलो."